क्यूजीआयएसचा कोड, बिल्ड आणि प्लगिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे मराठी लोक खूप आहेत: नियोजनाचे विद्यार्थी, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, शेतीचे अभ्यासक. त्यातले काही जण पायथन शिकून स्वतःचं प्लगिन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडायची सोय, लिहायला बसतात आणि काही जणांना थेट मूळ कोडमध्ये दुरुस्ती करायची असते. दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडते. कोड लिहिता येतो, पण तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. पुढचे प्रश्न त्यांनीच वेळोवेळी विचारलेले आहेत.

रेपो (मूळ कोडचा सगळा साठा) क्लोन केला. एवढे फोल्डर आहेत, सुरुवात कुठून करू?

आधी फक्त 'एसआरसी' उघडा, बाकीचं नंतर बघा. त्यात 'कोअर', 'गुई' आणि 'अ‍ॅप' हे तीन फोल्डर सगळ्यात महत्त्वाचे. कोअरमध्ये लेयर, भूमिती, प्रक्षेपण, एक्स्प्रेशन, लेबलिंग, नकाशा रंगवणं असं सगळं मूळ काम चालतं. गुईमध्ये पुन्हा पुन्हा वापरता येतील असे विजेट आणि डायलॉग असतात, उदाहरणार्थ नकाशाचा कॅनव्हास किंवा लेयर निवडायची यादी. अ‍ॅप म्हणजे आपण रोज उघडतो तो प्रोग्रॅम, त्याची मुख्य विंडो आणि मेनू.

अवलंबन एकाच दिशेने जातं. अ‍ॅप गुईला वापरतं आणि गुई कोअरला. उलट कधीच होत नाही. कोअरमधल्या फाइलीत गुईची हेडर फाइल आणली, तर ती पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) तिथेच थांबेल आणि ती थांबायलाच हवी. याच कोअरवर क्यूजीआयएस सर्व्हर चालतो. त्याला विंडोच नसते, तो नकाशा काढून ब्राउझरकडे पाठवतो. फोनवर चालणारं क्यूफील्डही हेच कोअर घेतं आणि त्यावर स्वतःचा वेगळा इंटरफेस चढवतं. डेस्कटॉपवर दिलेली रंगसंगती शेतात फोनवर तशीच दिसते, ती या शिस्तीमुळे.

२००२ साली गॅरी शर्मन यांनी हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा लिनक्सवर पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधला डेटा बघायचं साधन एवढाच त्याचा आवाका होता. इतक्या वर्षांत त्यावर शेकडो लोकांचे हात फिरले, तरी कोड वाचता येतो. याचं मोठं श्रेय मी या थरांच्या मांडणीला देतो.

मला एक नवीन सोय घालायची आहे. कोअर, गुई की अ‍ॅप?

स्वतःला विचारा: हे काम विंडो न उघडता, सर्व्हरवर किंवा पायथनच्या स्क्रिप्टमधून करता यायला हवं का? हो असेल, तर ते कोअरमध्ये जातं. त्या सोयीची सेटिंग बदलायचा डायलॉग दुसऱ्या प्लगिन लेखकांनाही उपयोगी पडणार असेल, तर तो गुईमध्ये. अ‍ॅपमध्ये फक्त मेनूतली ओळ आणि ती जोडणारा कोड उरतो.

इथे नवख्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. अ‍ॅपमधले क्लास पायथनला दिसतच नाहीत. प्लगिनला 'आयफेस' नावाचा जो ऑब्जेक्ट मिळतो, त्याचा अमूर्त क्लास गुईमध्ये घोषित केलेला आहे आणि त्याची खरी अंमलबजावणी अ‍ॅपमध्ये आहे. प्लगिनला अ‍ॅपशी बोलायला हा एकच अधिकृत रस्ता. त्यामुळे चांगलं तर्कशास्त्र अ‍ॅपमध्ये लिहून ठेवलंत, तर जगभरच्या प्लगिन लेखकांना ते बंद झालं.

'अ‍ॅनालिसिस', 'प्रोव्हायडर्स', 'एक्स्टर्नल' यांचं काय?

अ‍ॅनालिसिसमध्ये विश्लेषणाची साधनं आहेत. प्रोसेसिंग टूलबॉक्समधले 'नेटिव्ह' गटातले सी++ मध्ये लिहिलेले अल्गोरिदम तिथेच सापडतील. बफर (वस्तूभोवतीचा ठराविक अंतराचा पट्टा) कसा काढला जातो हे वाचायचं असेल तर तिथे जा, नवशिक्यांना वाचायला तो उत्तम नमुना आहे.

प्रोव्हायडर्स म्हणजे डेटा कुठून येतो ते सांभाळणारे भाग: पोस्टग्रेस डेटाबेस, डब्ल्यूएमएस आणि डब्ल्यूएफएस या इंटरनेटवरच्या नकाशा सेवा, सीएसव्हीसारख्या मजकुरी फाइली. बहुतेक प्रोव्हायडर वेगळी लायब्ररी म्हणून बांधले जातात आणि प्रोग्रॅम सुरू होताना उचलले जातात, म्हणजे तेही एक प्रकारचे प्लगिनच.

एक्स्टर्नलमध्ये दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या आहेत, जसं की एमडीएएल किंवा एनलोहमनची जेसन लायब्ररी. तिथे काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्ती मूळ प्रकल्पात पाठवा. इथे परस्पर बदललेली ओळ पुढच्या अद्यतनात पुसली जाते.

कल्पना चांगली आहे. मूळ कोडमध्ये द्यावी की प्लगिन करावं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी प्लगिन करा. मूळ कोडमध्ये आलेली प्रत्येक ओळ पुढची अनेक वर्षं कोणीतरी सांभाळायची असते, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा तुम्ही नसता. प्लगिनमध्ये चुका करायला मोकळीक असते, दर आठवड्याला नवी आवृत्ती काढता येते, वापरणाऱ्यांना खरंच काय हवंय ते कळतं.

तीन बाबतींत मात्र थेट मूळ कोडकडे जा. असलेल्या गोष्टीतला बग दुरुस्त करायचा असेल. लाखो फीचरवर (लेयरमधल्या वस्तूंवर) पायथन हळू पडत असेल. किंवा प्लगिनला हवा असलेला एखादा सिग्नल (काही घडल्याची सूचना) वा फंक्शन एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या कोडला वापरता येणाऱ्या फंक्शनांत, नसेलच. तिसऱ्या बाबतीत तेवढाच छोटा दरवाजा मूळ कोडमध्ये मागा आणि बाकी सगळं प्लगिनमध्ये ठेवा. अशा छोट्या पुल रिक्वेस्ट लवकर मर्ज होतात. बदल मोठा असेल, तर कोड लिहिण्याआधी सुधारणा प्रस्ताव मांडायची पद्धत आहे. प्रकल्पात त्याला क्यूईपी म्हणतात.

प्लगिन पुढे मूळ कोडमध्ये जाऊही शकतं. स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागी बसवणारं जिओरेफरन्सर अनेक वर्षं सी++ प्लगिन होतं, पुढे ते मुख्य प्रोग्रॅममध्ये घेतलं गेलं. प्रोसेसिंग आणि डीबी मॅनेजर ही पायथन प्लगिन असूनही मूळ रेपोतच राहतात आणि प्रत्येक इन्स्टॉलेशनबरोबर येतात.

बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधायला, काय काय लागतं? माझ्या लॅपटॉपवर होईल का?

होईल, धीर धरावा लागेल. बिल्डची सगळी व्यवस्था सीमेक या साधनावर आहे. क्यूटी, जीडीएएल, प्रोज, जिओस, एसक्यूलाइट, स्पेशियलइंडेक्स या मोठ्या डिपेन्डन्सी, म्हणजे आधी बसवाव्या लागणाऱ्या लायब्रऱ्या. शिवाय फ्लेक्स आणि बायसनही लागतात, कारण एक्स्प्रेशनची भाषा वाचणारा पार्सर त्यांच्याकडून तयार होतो.

डेबियन किंवा उबुंटू असेल तर काम सोपं आहे. रेपोतल्या 'डेबियन' फोल्डरमध्ये कोणती पॅकेज हवीत याची यादी आहे, तीच वापरा. विंडोजवर ओएसजिओफोरडब्ल्यू या नकाशा-सॉफ्टवेअरच्या संचातल्या पॅकेजवरून बिल्ड करायचा मार्ग रुळलेला आहे. पण विंडोजवर सी++ शिकणं आणि क्यूजीआयएस शिकणं एकाच वेळी सुरू करू नका. शक्य असेल तर पहिला बिल्ड लिनक्सवर करा.

तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

बिल्ड नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा, सोर्सच्या आत नाही. काही बिघडलं तर तो एक फोल्डर उडवला की झालं.

कंपाइल चालवायला मेकऐवजी निंजा हे साधन वापरा आणि सीकॅश बसवून घ्या. पहिल्या कंपाइलला साध्या लॅपटॉपवर काही तास जातात. पुढे ब्रँच बदलून परत आलात, की सीकॅश आधी कंपाइल झालेल्या फाइली तशाच उचलून देतो. मूळ कोडवर नेहमी काम करणाऱ्यांचं यावाचून पानही हलत नाही.

जे लागत नाही ते बंद करा. सर्व्हर, थ्रीडी, ग्रास, ओरॅकल यांना सीमेकमध्ये वेगवेगळे पर्याय आहेत. लेबलिंगमधला बग दुरुस्त करायला थ्रीडी कंपाइल करायची गरज नाही. पायथन बाइंडिंगही (सी++ चा कोड पायथनमधून वापरू देणारे दुवे) बंद करता येतात आणि त्यात बराच वेळ वाचतो, पण मग पायथनच्या टेस्ट चालणार नाहीत आणि प्लगिनही नाहीत. एपीआयला हात लावत असाल तर ती चालूच ठेवा.

कंपाइल संपलं की इन्स्टॉल करायची गरज नसते. बिल्ड फोल्डरमधल्या 'आउटपुट' मधून प्रोग्रॅम थेट चालतो. रोजच्या कामाची पक्की आवृत्ती शेजारी तशीच राहू द्या, आणि प्रयोगांसाठी वेगळी यूजर प्रोफाइल करा.

सी++ मध्ये फंक्शन लिहिलं, पण पायथनमध्ये दिसत नाही. का?

मधे सिप हे बाइंडिंग बनवणारं साधन आहे म्हणून. पायथन बाइंडिंगच्या फाइली हाताने लिहीत नाहीत. हेडर फाइल वाचून एक स्क्रिप्ट त्या तयार करते, आणि तयार झालेल्या फाइलीही कमिटमध्ये जातात. हेडर बदललं आणि ती स्क्रिप्ट चालवली नाही, तर सीआय (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी व्यवस्था) लाल होतो.

त्या स्क्रिप्टला सूचना द्यायच्या असतात त्या हेडरमध्येच, मोठ्या अक्षरांतल्या खुणांनी. 'सिप स्किप' लिहिलं की ते फंक्शन पायथनपासून लपतं. 'सिप फॅक्टरी' म्हणजे हे फंक्शन नवा ऑब्जेक्ट बनवून देतं, त्याची मालकी आता पायथनकडे. 'सिप ट्रान्सफर' म्हणजे उलट, दिलेला ऑब्जेक्ट सी++ ने ताब्यात घेतला. ही मालकी चुकली की प्रोग्रॅम बंद करताना किंवा लेयर काढताना अचानक क्रॅश होतो, आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात. म्हणून नव्या फंक्शनला पॉइंटर जात-येत असेल तर आधी मालकीचा विचार करा, मग बाकीचं लिहा.

त्याच जागी फंक्शनची माहिती आणि ते कोणत्या आवृत्तीपासून आहे हेही लिहायचं असतं. माहिती न लिहिलेली सार्वजनिक फंक्शनं पकडणारी टेस्टच प्रकल्पात आहे. हा नियम मला मनापासून पटतो, कारण प्लगिन लिहिणाऱ्याला तेच एक वाक्य वाचायला मिळणार असतं.

प्लगिनचा फोल्डर आतून कसा लावायचा?

किमान दोन फाइली लागतात. 'मेटाडेटा.टीएक्सटी' मध्ये नाव, वर्णन, आवृत्ती, लेखक, कोडचा पत्ता, बग नोंदवायची जागा आणि चालेल ती सगळ्यात जुनी क्यूजीआयएस आवृत्ती. 'इनिट.पीवाय' मध्ये 'क्लासफॅक्टरी' नावाचं फंक्शन, जे आयफेस घेतं आणि प्लगिनचा ऑब्जेक्ट परत देतं. त्या ऑब्जेक्टमध्ये 'इनिटगुई' आणि 'अनलोड' अशा दोन मेथड. एवढ्यावर प्लगिन चालतं.

खरा प्रश्न त्यापुढचा. उदाहरण घेऊ. महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या नकाशाला २०११ च्या जनगणनेचे आकडे जोडणारं प्लगिन करायचं आहे. जनगणनेतला तालुक्याचा कोड पाच अंकी असतो आणि शून्याने सुरू होतो. सीएसव्ही वाचताना तो कोड संख्या म्हणून घेतला गेला, की सुरुवातीचा शून्य गळतो. नकाशात कोड मजकूर म्हणून असतो, तिथे शून्य शाबूत. मग जोड बसत नाही आणि सगळा रकाना रिकामा येतो.

पहिल्यांदा प्लगिन लिहिणारे बहुतेक जण हा शून्य परत लावायचा कोड 'ओके' बटणाच्या मेथडमध्येच घालतात. तसं करू नका. तीन फाइली करा. पहिल्या फाइलीत कोड स्वच्छ करणारं आणि जुळवणारं शुद्ध पायथन, ज्यात क्यूजीआयएसचं एकही इम्पोर्ट नाही. दुसरीत प्रोसेसिंगचा अल्गोरिदम, जो लेयर वाचतो, पहिल्या फाइलीतलं फंक्शन बोलावतो आणि नवा लेयर लिहितो. तिसरीत मेनूची ओळ, आणि खरंच हवा असेल तरच वेगळा डायलॉग.

पहिल्या फाइलीची टेस्ट क्यूजीआयएस न बसवताही क्षणात चालते. 'मजकूर पाच अंकी', 'संख्या चार अंकी', 'मागेपुढे स्पेस', 'रिकामा रकाना' अशा ओळी लिहा आणि निश्चिंत व्हा. दुसऱ्या फाइलीमुळे तुमचं काम टूलबॉक्समध्ये येतं, मॉडेलमध्ये गुंफता येतं, शेकडो फाइलींवर एकत्र चालवता येतं आणि मेटाडेटामध्ये प्रोसेसिंग प्रोव्हायडर असल्याची नोंद केली तर कमांडलाइनवरूनही चालतं. शिवाय इनपुट निवडायचा डायलॉग प्रोसेसिंग आपोआप बनवून देतं. कितीतरी प्लगिनना तिसरी फाइल जेमतेम वीस ओळींची पुरते.

एक खबरदारी: प्रोसेसिंगचे अल्गोरिदम सहसा बॅकग्राउंड थ्रेडमध्ये चालतात. तिथून कॅनव्हास किंवा विजेटला हात लावला की क्रॅश ठरलेला.

प्लगिन बंद करून चालू केलं की टूलबारवर दोन आयकॉन दिसतात.

'अनलोड' अपुरं आहे. 'इनिटगुई' मध्ये जे जे जोडलं ते सगळं 'अनलोड' मध्ये काढायचं: टूलबारचा आयकॉन, मेनूची ओळ, प्रोसेसिंगचा प्रोव्हायडर, डॉक विजेट. आयकॉन निदान डोळ्यांना दिसतात. सिग्नल दिसत नाहीत. प्रोजेक्टच्या 'लेयर्स अ‍ॅडेड' सिग्नलला फंक्शन जोडलं आणि सोडवलं नाही, तर प्लगिन रीलोड केल्यावर तेच काम दोनदा होतं, मग तीनदा. विकास करताना प्लगिन रीलोडर बसवून सतत रीलोड करत राहा, ही गळती लगेच उघडी पडते.

मला पांडाज किंवा दुसरं पायथन पॅकेज हवंय. प्लगिनबरोबर कसं देऊ?

शक्यतो देऊ नका. मेटाडेटामध्ये दुसऱ्या क्यूजीआयएस प्लगिनवरचं अवलंबन नोंदवता येतं, पण पिपने बसवायची पायथन पॅकेज प्लगिन मॅनेजर बसवत नाही. कंपाइल केलेल्या बायनरी फाइली प्लगिनच्या अधिकृत भांडारात चालत नाहीत. तालुक्याचे आकडे जोडायला पांडाज लागत नाही, पायथनबरोबर येणारा सीएसव्ही मॉड्यूल पुरतो. लहान, शुद्ध पायथन पॅकेज असेल आणि परवाना जुळत असेल, तर ते फोल्डरमध्ये सोबत ठेवा. मोठं पॅकेज अटळ असेल, तर ते आहे का हे तपासून नसल्यास स्पष्ट सूचना दाखवा. वापरणाऱ्याच्या मशीनवर त्याला न विचारता पिप चालवणं मला साफ चुकीचं वाटतं.

मराठी डेटा आणि देवनागरी नावांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि हे आपणच नीट केलं पाहिजे, कारण इतर कोणाच्या मशीनवर हे बग दिसतच नाहीत.

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहा. विंडोजवर पायथन अनेकदा सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतं आणि गावांची नावं वाचताना एरर येते किंवा अक्षरांचा कचरा होतो. लिनक्सवर तुम्हाला हे कधीच दिसणार नाही, तक्रार मात्र विंडोजवाल्यांकडून येईल.

आउटपुट शेपफाइलमध्ये देऊ नका, जिओपॅकेज द्या. शेपफाइलच्या रकान्याचं नाव १० बाइटपुरतंच असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरलं जातं. म्हणजे 'लोकसंख्या' लिहिलं की 'लोक' एवढंच उरतं.

मजकुराचे तुकडे करताना सावध राहा. 'क्षेत्र' या शब्दाचे चिन्हांप्रमाणे तुकडे केले, तर हलन्त सुटे पडतात आणि जोडाक्षर मोडतं. नदीच्या वळणावर नाव लिहिताना एकेक अक्षर वेगळं ठेवावं लागतं, तिथे हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी क्यूजीआयएसच्या लेबलिंगमध्ये मजकूर अक्षरसमूहांत तोडणारं वेगळं फंक्शन आहे. तुमच्या प्लगिनमध्ये असं काही करायचं असेल तर तसंच करा.

प्लगिनच्या फोल्डरचं नाव मात्र इंग्रजी अक्षरं, अंक, अधोरेखा आणि जोडरेघ यांतूनच हवं, आणि पहिलं अक्षर अंक नको. दिसणारं भाषांतर 'आय१८एन' फोल्डरमधल्या फाइलींतून द्या.

क्यूटी ६ (विंडो आणि विजेट पुरवणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती) आल्यावर माझं प्लगिन मोडेल का?

कसं लिहिलंय त्यावर आहे. क्यूजीआयएसच्या चौथ्या मालिकेचा पाया क्यूटी ६ आहे. थेट 'पायक्यूटी५' मधून इम्पोर्ट केलं असेल तर मोडेल. त्याऐवजी 'क्यूजीआयएस.पायक्यूटी' मधून करा, ते दोन्हींवर चालतं. 'क्यूटी.अलाइनलेफ्ट' अशी आखूड रूपं सोडून मधल्या गटाच्या नावासकट पूर्ण रूप लिहा. आयकॉनसाठी रिसोर्स फाइल कंपाइल करायची जुनी पद्धत बंद करा, कारण पायक्यूटी ६ मध्ये ते कंपाइल करणारं साधनच नाही. फोल्डरमधली चित्रफाइल तिच्या पाथने थेट उघडा. बराचसा बदल आपोआप करून देणारी स्क्रिप्ट मूळ रेपोत आहे, पण तिने काय बदललं ते ओळीओळीने वाचा.

कोणत्या आवृत्तीवर काम करू?

मूळ कोडसाठी नेहमी 'मास्टर' ही मुख्य ब्रँच. आवृत्तीच्या क्रमांकातला दुसरा आकडा विषम तर ती विकासाची आणि सम तर प्रसिद्ध आवृत्ती, अशी तिसऱ्या मालिकेची पद्धत. तुमची बग दुरुस्ती दीर्घकालीन आवृत्तीतही (जिला बराच काळ दुरुस्त्या मिळत राहतात) हवी असेल, तर मास्टरवरच्या पुल रिक्वेस्टला बॅकपोर्टचं (बदल जुन्या आवृत्तीत नेण्याचं) लेबल लावलं जातं आणि त्या ब्रँचसाठी बॉट वेगळी पुल रिक्वेस्ट काढतो. नव्या सोयी बॅकपोर्ट होत नाहीत.

प्लगिनसाठी दीर्घकालीन आवृत्ती धरा, उदाहरणार्थ ३.४० 'ब्रातिस्लाव्हा'. कार्यालयांत आणि कॉलेजांत बहुधा तीच बसवलेली असते.

भांडारात प्लगिन चढवताना काय अडतं?

झिपमध्ये वर एकच फोल्डर हवा. 'पायकॅश' आणि 'गिट' चे लपलेले फोल्डर आत राहिले तर झिप नाकारली जाते. परवान्याची फाइल हवी. क्यूजीआयएस जीपीएल २ किंवा त्यापुढच्या परवान्याखाली आहे, तेव्हा प्लगिनचा परवानाही त्याच्याशी जुळणारा हवा. पहिल्या वेळी माणसं तपासतात, थोडा वेळ लागतो. झिप हाताने बांधू नका. टॅग लावला की सीआयने झिप बांधून चढवावी अशी सोय 'क्यूजीआयएस-प्लगिन-सीआय' हे साधन देतं. कच्चं काम असेल तर मेटाडेटामध्ये 'एक्स्पेरिमेंटल' लिहा.

मला आता प्लगिन सांभाळायला वेळ नाही. काय करू?

गप्प बसू नका. भांडारात प्लगिनला एकाहून जास्त मालक जोडता येतात, तर बग नोंदवणाऱ्यांत जो चिकाटीने उत्तरं देतोय त्याला विचारा. कोणीच मिळालं नाही तर मेटाडेटामध्ये 'डेप्रिकेटेड' ची नोंद करून शेवटची आवृत्ती चढवा, आणि वर्णनात त्याऐवजी काय वापरायचं ते लिहा. रेपो मात्र उघडा ठेवा. परवाना जीपीएल असल्यामुळे कोणालाही तो फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पुढे नेता येतो.